बदकबोटीतलं पोतं

"येत्या रविवारी बोट सरळ नेऊन दाखवतो! सरळ म्हणजे सरळ! पुलापर्यंत आणि परत!"

तोलकाकांनी ही घोषणा केली ती स्वयंपाकघरात, गॅसवरच्या दुधासमोर. ऐकायला दुसरं कोणी नव्हतंच. दूध तेवढं ऐकता ऐकता उतू गेलं.

तोलकाका हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. कारखान्याच्या फाटकाशी ट्रक तोलायचा भलामोठा काटा असतो, त्या काट्याच्या खोलीत त्यांनी उभी हयात काढली, म्हणून तोलकाका. भरलेला ट्रक आत, रिकामा ट्रक बाहेर. एकदा डबा घेऊन आलेल्या बायकोला त्यांनी हौसेने त्या काट्यावर उभं केलं होतं. ट्रकच्या काट्याला बाईमाणसाचं काय! आकडा जागचा हललासुद्धा नाही. ती पुढे जन्मभर ज्याला त्याला सांगत राहिली, "माझं वजन भरतच नाही!" मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात ती गेली. मुलगा विमानानेच जावं लागेल इतका लांब. काका निवृत्त झालेले. घरात तोलायला एकच माणूस उरलं होतं, आणि तेही सकाळपासून संध्याकाळपर्यंत या खोलीतून त्या खोलीत जायचं आणि आपण कशाला आलो ते विसरायचं.

आता नदीचं ऐका. नदी शहराच्या अगदी मधून जाते. वरच्या अंगाला कारखाने आहेत, ते फेस सोडतात. मग शहर लागतं, ते उरलेलं सगळं सोडतं. या सगळ्याची काळजी घ्यायला नदीखोरे विभाग नावाचं एक कार्यालय आहे, आणि त्याने काठावर दोन पाट्या लावल्या आहेत. पहिली पाटी म्हणते, "पाण्यात हात घालू नये. आरोग्यास अपायकारक." तिला खेटून, तिच्याहून मोठी दुसरी पाटी म्हणते, "या! नदीच्या सहवासात आनंद लुटा!" पहिली पर्यावरण शाखेची, दुसरी मनोरंजन शाखेची. दोन्ही शाखा एकाच जिन्याने कामावर येतात, पण एकमेकींशी बोलत नाहीत. थोडक्यात काय, आनंद लुटा, फक्त हात न लावता लुटा!

मनोरंजन शाखेने लुटण्यासाठी बदकाच्या आकाराच्या पायडलबोटी आणल्या होत्या. शेजारी शेजारी दोन सीटा, दोघांनी मिळून पायडल मारायचं. पाण्याचा वास एकदा नाकात गेला की माणूस पुन्हा फिरकत नसे. बोटवाला दिवसभर धक्क्यावर बसून जांभया द्यायचा. त्याला कायमचं गिऱ्हाईक असं एकच लाभलं. तोलकाका!

काकांना नदीवर जायचं खरं कारण सांगायचं तर साधं होतं. बायकोने या बोटीत बसायचा हट्ट धरला होता, त्यासाठी रुंद काठाची गवती टोपीसुद्धा विकत आणली होती, आणि काका दर रविवारी "पुढच्या रविवारी जाऊ" म्हणत राहिले होते. ती टोपी अजून दारामागच्या खिळ्याला होती. काकांना बायकोची फार आठवण यायची. घरात बसून यायची त्यापेक्षा पाण्यावर जरा बरी यायची, एवढंच.

पण एकट्या माणसाचं या बोटीत काही चालत नाही! काका डाव्या सीटवर बसले की बदक डावीकडे कलायचं आणि गोल गोल फिरायचं. काका पायडल मारून घामाघूम, बदक आपलं भोवऱ्यासारखं जागच्या जागी! पुलावरची माणसं कठड्याला टेकून हसायची. "काका, दळण झालं का?" असंही कोणीतरी ओरडलं. काकांना ते फार लागलं. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांचा तोल बघितला, त्याचाच तोल जावा?

म्हणून ती घोषणा. उपाय सोपा होता. उजव्या सीटवर आपल्या वजनाचं पोतं ठेवायचं!

काकांनी जवळच्या बांधकामावरून वाळू मागून आणली. घरच्या काट्यावर आधी स्वतः उभे राहिले, मग पोतं उभं केलं. मूठभर वाळू घाल, मूठभर काढ, पुन्हा घाल. सबंध शनिवार त्यात गेला. संध्याकाळी दोघांचं वजन तंतोतंत जुळलं तेव्हा काकांनी पोत्याच्या पाठीवर थाप मारली. कितीतरी दिवसांत त्यांनी कोणाच्या पाठीवर थाप मारली नव्हती.

रविवारी हातगाडीवर पोतं घालून स्वारी धक्क्यावर हजर! बोटवाल्याने डोळे चोळले.

"काका, हे काय?"

"हे बसणार शेजारी."

"बसू दे की. पण मग दोन तिकिटं."

"अरे, पोत्याला कसलं तिकीट!"

"सीट अडली की तिकीट लागतं. आणि सीटवर जे बसेल त्याला जाकीट घालायचं. नियम म्हणजे नियम. माझी नोकरी घालवता काय?"

असा हा नियमाचा पक्का माणूस. दोघांनी कण्हत कुंथत पोतं सीटवर चढवलं. बोटवाल्याने त्याला नारिंगी जाकीट घातलं, बंद मात्र अर्धेच लावले, कारण पोत्याला कंबर नसते. काका बाजूला बसले. बघतात तर काय, बदक सरळ! पाण्यावर पट्टी ठेवल्यासारखं सरळ! काकांचा आनंद गगनात मावेना. फक्त शेजारचं ते बोडकं पोतं काही बघवेना. काकांनी पिशवीतून गवती टोपी काढली. आणली कशाला होती ते त्यांनाही धड सांगता आलं नसतं. टोपी पोत्याच्या डोक्यावर नीट बसवली आणि हळूच म्हणाले, "चला. आला एकदाचा पुढचा रविवार."

आणि निघाले! वाटेत काका बोलत होते. मुलाचा फोन येऊन किती दिवस झाले ते सांगितलं. डाळ हल्ली शिजतच नाही ते सांगितलं. वरच्या मजल्यावर शिवणयंत्र दिवसभर कसं खडखडतं आणि ते बंद पडलं की उलट कसं चुकल्या-चुकल्यासारखं होतं, तेही सांगितलं. पोतं सगळं ऐकून घेत होतं. माणसांपेक्षा ते पोतं परवडलं, असं काकांना वाटून गेलं.

पुलाखाली मात्र घोडं अडलं. तिथे जलपर्णी इतकी माजली होती की पाणी आहे हे विश्वासाने मानावं लागे. हिरवागार गालिचा, त्यात अडकलेल्या पिशव्या, बाटल्या, चपला, आणि वरून फेस. बोटीच्या चक्रात जलपर्णीची ही भली जुडी गुंतली, आणि गुंतली तीही नेमकी पोत्याच्या बाजूला! काकांनी पाण्यात हात न घालण्याची पाटी आठवून पाहिली, पण दुसरा इलाज नव्हता. ते पोत्यावरून ओणवे झाले, जुडीला धरून हिसके देऊ लागले. "सरक गं जरा, सरक!" असं सवयीने तोंडातून निघालं. एक हिसका, दुसरा हिसका. बदक कललं, आणि पोतं घरंगळलं ते थेट पाण्यात! धबाक्!

अर्ध्या बंदांचं जाकीट ते काय धरणार? पोतं जाकिटातून सुळकन निसटून तळाला गेलं. वर राहिलं नारिंगी जाकीट. आणि टोपी.

पुलावरून एक किंकाळी आली. "अगं बाई गं! बाई बुडाली!"

"ढकललं! मी बघितलं! झोंबाझोंबी चालली होती!"

काकांना त्याचा पत्ताच नव्हता. त्यांचं सगळं लक्ष टोपीकडे. ती भिजत चालली होती! ते पालथे पडले, हात लांब केला, टोपी उचलली, झटकली, फुंकर घातली आणि छातीशी धरली.

"बघा, बघा! बाई गेली तळाला आणि हा टोपी वाळवतोय! काळीज आहे की दगड?"

मग जे सुरू झालं, ते काही विचारू नका! अग्निशामक दलाचा बंब आला. पोलिसांची गाडी आली. पाणबुडे आले. मागोमाग नदीखोरे विभागाच्या दोन्ही शाखा धावत आल्या, आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा एकमेकींशी बोलल्या. "पाण्यात पडणं हा मनोरंजनाचा विषय!" असं पर्यावरण शाखा म्हणाली. "पडल्यावर पर्यावरणाचा!" असं मनोरंजन शाखा म्हणाली. आणि पाहता पाहता सगळं शहर काठावर लोटलं. शेंगदाणेवाला आला, फुगेवाला आला. बायकामुलं सतरंज्या घेऊन आली. नदीच्या सहवासात आनंद लुटायला एवढी गर्दी त्या पाटीच्या जन्मात झाली नव्हती!

जलपर्णी काढायचं एक यंत्र विभागाकडे होतं. ते इतकी वर्षं "दुरुस्तीला गेलं आहे" असं उत्तर मिळायचं. ते दुपारच्या आत दुरुस्त होऊन आलं! गालिचा सरसर निघाला. तळातून एकेक वस्तू वर येऊ लागली. गाद्या, टायर, शीतकपाटाचं दार, संडासाचं भांडं, आणि "नदीत कचरा टाकू नका" अशी विभागाचीच एक पाटी. जिवंत माणसांनी इतकी वर्षं अर्ज केले तेव्हा जी नदी कोणी साफ केली नाही, ती नसलेल्या बाईसाठी एका दिवसात झाली. काय बोलावं!

इकडे पोलीस अधिकाऱ्याने काकांना धक्क्यावरच्या तिकीटघरात बसवलं होतं. काका टोपी मांडीवर घेऊन, भिजलेल्या विजारीनिशी.

"बोटीत सोबत कोण होतं?"

"कोणी नाही."

"असंच म्हणतात सगळे. ही टोपी कोणाची?"

"बायकोची."

"बायको कुठे आहे?"

"नाही."

"कुठे नाही?"

"कुठेच नाही, साहेब. वारली."

"कधी?"

"मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात."

"मग आज टोपी घालून कोण बसलं होतं?"

"पोतं."

अधिकाऱ्याने लेखणी खाली ठेवली. "काका, मी दमलोय. तुम्ही वयाने वडील आहात. खरं बोला."

"अहो, खरंच पोतं होतं! वाळूचं! माझ्याएवढ्या वजनाचं! बोटवाल्याला विचारा!"

बोटवाल्याला बोलावलं. दारात विभागाचे साहेब उभे. पोत्याला जाकीट घातलं म्हणावं तर नोकरी जाते, न म्हणावं तर काका जातात. त्याने खालमानेने सांगितलं, "मी तिकिटं बघतो साहेब, माणसं बघत नाही. दोन तिकिटं फाडली."

बुडत्याचा पाय खोलात म्हणतात तो असा!

"पोतं सापडेल ना!" काका कळवळून म्हणाले. "पाणबुड्यांना सांगा पोतं शोधायला!"

"पोती?" अधिकाऱ्याने त्यांना खिडकीशी नेलं. धक्क्यावर तळातून काढलेल्या पोत्यांचा ढीग लागला होता. फाटकी, कुजकी, कशात राडारोडा, कशात काय. शहराने वर्षानुवर्षं भरून टाकलेली. "यातलं तुमचं कोणतं?"

काकांनी ढिगाकडे बघितलं आणि मटकन बसले. त्यांचं पोतं तळाशी फुटलं असणार आणि वाळू वाळूला मिळाली असणार.

मग मुलाला फोन लागला. अधिकाऱ्याने आवाज मोठा ठेवला. "तुमचे वडील एका बाईसोबत नदीवर गेले होते."

"बाबा? बाईसोबत?" मुलाच्या आवाजात धक्क्यापेक्षा आनंदच जास्त! "वा! मला काही बोलले नाहीत!"

"अरे, पोतं होतं ते!" काका मागून ओरडले.

"असू दे बाबा, लाजायचं काय त्यात! चांगल्या स्वभावाच्या आहेत ना?"

"त्यांच्याकडे कोणाचं येणं-जाणं असतं?" अधिकाऱ्याने विचारलं.

"मला कल्पना नाही," मुलगा म्हणाला. "बोलणंच होत नाही आमचं फारसं. चुकतंच माझं ते."

फोन ठेवल्यावर अधिकारी जरा नरम झाला होता, पण कायदा नरम होत नाही. "हे बघा काका. बायको वारली, कबूल. पण दुसरी कोणी नव्हतीच, हे कशावरून? तुम्हाला कोणीही नाही असं सांगणारा एक साक्षीदार आणा, मी सोडतो."

"साहेब, मला कोणीही नाही तर साक्षीदार कुठून आणू?"

काकांना आता मात्र रडू कोसळलं. उगाच लपवण्यात अर्थ नाही, रडले ते. एकटं असणं एक वेळ सोसतं. पण एकटे आहोत हे पटवून द्यायलाही कोणी नसावं, हे त्यांना सोसलं नाही.

इतक्यात दारातून आवाज आला. "त्यांना काय विचारता? मला विचारा!"

काखेत पिशवी, गळ्यात मापाची फीत, चष्मा कपाळावर. वरच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाई! सगळं शहर आलं तशा त्याही बघायला आल्या होत्या. काकांचा आणि त्यांचा आजवरचा संवाद म्हणजे जिन्यात एकमेकांना वाट देणं.

"माझं शिवणयंत्र खिडकीशी असतं," बाईंनी सुरुवात केली. "खाली यांची गॅलरी दिसते. दोरीवर एक टॉवेल, एक सदरा, एक विजार. दुसऱ्या दिवशी तेच. बाईमाणसाचा रुमालसुद्धा बघितला नाही कधी. खिडकीत एकच कप पालथा असतो. दुधाची पिशवी दाराला लटकते ती हेच उचलतात. कोणी येत नाही, कोणी जात नाही. काल दिवसभर गॅलरीत वाळूशी खेळत होते. पोतं भरताना मी डोळ्यांनी बघितलं. मला वाटलं, बिचाऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला."

"खात्री आहे तुमची? कोणीच येत नाही?"

"अहो, यांच्या दाराची बेल बंद पडून कितीतरी महिने झाले! यांना पत्ता आहे का विचारा!"

काकांनी मान वर केली. "माझी बेल बंद आहे?"

"बघा!" बाई विजयाने म्हणाल्या. "वाजवणारा कोणी असता तर कळलं नसतं का?"

इतका पक्का पुरावा अधिकाऱ्याने उभ्या नोकरीत बघितला नसावा. त्याने घाईघाईने लिहून घेतलं. विभागाच्या साहेबांनी माना हलवल्या. बोटवाल्याने नाक ओढलं. तोलकाकांना या जगात कोणीही नाही, हे सर्वानुमते मान्य झालं.

"पण तुम्हाला कसं कळलं? बेलचं?" काकांनी हळूच विचारलं.

"माझा उशीचा अभ्रा तुमच्या गॅलरीत पडला होता. वाजवून वाजवून बोट दुखलं. मग गेले परत."

"अहो, तो मी घडी करून ठेवलाय! मला वाटलं, वाऱ्याने कुठून आला!"

"झालं तर मग," अधिकारी उठला. "काका, तुम्ही सुटलात. फक्त तुम्हाला नेणाऱ्या माणसाची सही लागेल. असं पाण्यावरून आणलेलं माणूस एकटं सोडता येत नाही. कोण नेणार तुम्हाला?"

काकांनी अधिकाऱ्याकडे बघितलं. अधिकाऱ्याने आपल्याच हातातल्या जबाबाकडे बघितलं. आत्ताच तर सिद्ध झालं होतं! आगीतून फुफाट्यात!

"आणा इकडे," बाई म्हणाल्या आणि लेखणी हिसकावून घेतली. "दोन फ्रॉक आज द्यायचे आहेत मला. नातं काय लिहू?"

"काय आहे ते."

"वरच्या मजल्यावरची," बाईंनी लिहिलं आणि सही ठोकली.

घरापर्यंत दोघं चालत आले. बाई भराभर पुढे, काका टोपी धरून मागे. जिन्यात बाई म्हणाल्या, "विजार बदला आधी. सर्दी होईल." आणि वर निघून गेल्या. थोड्या वेळाने शिवणयंत्र खडखडू लागलं. काका बराच वेळ ते ऐकत बसले.

पुढच्या आठवड्यात नदीचं पुन्हा पहिल्यासारखं होऊ लागलं. बाई बुडालीच नव्हती म्हटल्यावर यंत्र परत दुरुस्तीला गेलं. जलपर्णीने हातपाय पसरले. माणसं आपापल्या घरी. तेवढ्यात दोन्ही शाखांनी मिळून एक काम मात्र पहिल्यांदाच एकमताने केलं. धक्क्यावर तिसरी पाटी लागली: "एकट्या व्यक्तीस बोट मिळणार नाही. सोबत जिवंत माणूस आणणे बंधनकारक आहे."

काकांनी ती पाटी वाचली. पुन्हा वाचली. बोटवाला कानकोंडा होऊन म्हणाला, "मी काय करू काका? नियम म्हणजे नियम."

रविवारी सकाळी तोलकाका जिना चढून वर गेले. स्वच्छ सदरा, हातात धुऊन इस्त्री केलेला अभ्रा. दारासमोर उभं राहून त्यांनी मनात वाक्य तीनदा जुळवलं, तीनदा मोडलं. मग बेल वाजवली. इथली बेल चांगली खणखणीत होती.

बाईंनी दार उघडलं. तोंडात टाचण्या होत्या, त्या काढून म्हणाल्या, "आता कोण बुडालं?"

"नाही, नाही! अभ्रा द्यायला आलो. आणि... ती बोट. एकट्याला देत नाहीत आता. सोबत माणूस लागतं. जिवंत. तर म्हटलं..."

"मी? बोटीत?" बाईंनी दाराची चौकट धरली. "छे, छे! पाण्याची मला धडकी भरते! मरण आलं तरी बसणार नाही!"

"बरं, बरं," काका पुटपुटले. त्यांचा चेहरा असा उतरला की बघवेना. "तसं काही नाही. सहज विचारलं." आणि वळून पायरी उतरू लागले.

"अहो, थांबा! तिथं जाऊन करता काय तुम्ही? मासे तर नाहीत, वल्ही तर नाहीत."

काका पायरीवरच उभे राहिले. "काही नाही. बोलत बसतो."

"कोणाशी?"

काकांनी हातातला अभ्रा पुढे केला.

"मग त्याला बोट कशाला लागते?" बाई म्हणाल्या. "काठावर बाक आहेत की!"

तोलकाका आ वासून बघतच राहिले. वाळू, पोतं, जाकीट, बंब, पाणबुडे, अख्खं शहर गोळा केलं, आणि हे काही त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं!

"फ्रॉकची किनार दुमडते आणि येते," बाई टाचण्या पुन्हा तोंडात घालता घालता म्हणाल्या. "तुम्ही नाकाला बांधायला दोन रुमाल घ्या. नदी काही सुधारलेली नाही!"